बोरगव्हाणचे अठ्ठावीस जावई

बुधवारी सकाळी बोरगव्हाणची पस्तीस माणसं आडवी होती आणि त्यांतले अठ्ठावीस जावई होते.

हा आकडा मी तीनदा मोजला. रविवारी दुपारी गावाच्या मांडवात चारशे बारा माणसांनी त्याच चार पातेल्यांतला आमरस खाल्ला. त्यांत जावई चव्वेचाळीस, बाकीचा गाव तीनशे अडुसष्ट. एवढ्या मोठ्या गावातले आजारी फक्त सात, आणि मूठभर जावयांतले अठ्ठावीस! जंतूंना गरीब-श्रीमंत कळत नाही, जातपात कळत नाही, हे मी चोवीस वर्षं शाळाशाळांतून सांगत आले. त्यांना नातं कळतं हे मला नवीन होतं.

गावाला मात्र त्यात काही नवल वाटलं नव्हतं. "इतकी वर्षं सगळ्यांच्या मनात होतं, ते एकदाचं झालं," असं गिरणीत दळण टाकता टाकता एक सासू म्हणाली, आणि दुसरी इतकी हसली की तिचं पीठ सांडलं. तिचा जावई तेव्हा अंबाजोगाईला सलाइनवर होता.

अधिक महिना तीन वर्षांनी येतोच, पण तो आंब्याच्या दिवसांत सापडला की जावयांची चंगळ. २०४५ साली तो ज्येष्ठात आला. सरपंच विश्वंभरआप्पा आपेटांनी डोकं लढवलं. घरोघर धोंड्याचं जेवण घातलं की कुणी जावयाला काय दिलं यावरून वर्षभर धुसफूस चालते, त्यापेक्षा सगळ्या गावाचे जावई एका मांडवात बसवू. पुरणाचे धोंडे, कुरडया आणि मराठवाड्याच्या केशरचा रस. धुसफूस थांबली नाही, ती फक्त एका जागी गोळा झाली. शेजारच्या जावयापेक्षा आपला जावई एक वाटी कमी प्यायला तर नाक कुणाचं जातं?

माझं नाव संजीवनी लोमटे. कागदावर माझं पद 'साथरोग सर्वेक्षण सहायक', गावोगाव ओळख 'इचारणाऱ्या ताई'. साथ आली की घरोघर जायचं आणि विचारायचं: काय खाल्लं, कधी, किती. माणसं पैशाबद्दल जेवढं खोटं बोलत नाहीत तेवढं जेवणाबद्दल बोलतात. जावई म्हणाला दोन वाट्या, तर चार लिहायच्या. सासू म्हणाली चार वाढल्या, तर दोन. दोघांनी एकच आकडा सांगितला तर त्यांचं आधी बोलणं झालंय असं समजायचं.

पण माझं हे कसब आता कुणाला नको होतं. 'माग' आला होता.

*

माग म्हणजे चष्म्याच्या डबीएवढं यंत्र. आजाऱ्याच्या शौचाचा ठिपका त्यात सोडायचा. आत एका पातळ पडद्याला इतकं बारीक भोक असतं की त्यातून जंतूच्या वंशसूत्राचा धागा एका वेळी एकच, तोही सुईत ओवल्यासारखा सरकतो. धाग्याचं प्रत्येक अक्षर जाताना विजेचा प्रवाह वेगळा हलतो, आणि त्या हलण्यावरून यंत्र अक्षरं वाचत जातं. पूर्वी ज्याला आठवडा लागायचा ते वीस मिनिटांत. मग ती अक्षरं नोंदणीशी ताडायची. जेवण विकणाऱ्या वा वाढणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या मोरीतला, टाकीतला आणि भांड्यांतला फाया दर सोमवारी तपासला जातो. कुठल्या स्वयंपाकघरात कुठल्या वंशाचे जंतू नांदतात याची सरकारदरबारी वंशावळ असते. आपल्या पणजोबांचं नाव न सांगता येणारी माणसं आपल्या मोरीतल्या जंतूंच्या सात पिढ्या सांगतात.

जुळलं की त्या स्वयंपाकघराला रंग मिळतो. हिरवं म्हणजे बिनघोर. पिवळं म्हणजे दोष सापडलाय, सुधारा आणि देखरेखीखाली चालवा. लाल म्हणजे दोन वर्षं कुलूप, आणि नाव सगळ्या जिल्ह्याच्या फोनवर. लोक मुलगी बघायला जाताना पत्रिका नंतर बघतात, तिच्या मामाच्या हॉटेलचा रंग आधी.

बुधवारी दहा वाजता डॉ. नौशीन काझी आल्या. वय एकतीस, परभणीच्या, तालुक्याच्या साथ अधिकारी, म्हणजे माझ्या साहेब. पंचायतीच्या टेबलावर त्यांनी माग मांडला. पस्तीस ठिपके, पस्तीस वेळा एकच वंश. साल्मोनेला. आणि जुळणी: अयोध्याबाई शिनगारे यांचं स्वयंपाकघर, थंड पाण्याची टाकी.

"झालं ताई," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या चारला सुनावणी. आता विचारायचं काही राहिलं नाही."

"जावईच कामून?"

"त्यांनी जास्त खाल्लं असणार. आग्रह झाला असणार."

"आप्पांनी नऊ वाट्या प्यायल्या. मी मोजल्यात. त्यांना ढेकरसुद्धा आला नाही."

डॉक्टर हसल्या. "ताई, जंतूचा पत्ता सापडला. नातेवाईक मोजून काय मिळणार?"

"जंतू कुठून आला ते यंत्रानं सांगितलं. तो यालाच का चावला आणि त्याला का नाही, ते कुठं सांगितलं?"

त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या चारपर्यंत वेळ आहे. कायद्यात एक कलम आहे, माहीतय ना तुम्हाला? धडधाकट माणूस आजारी पडावा इतका दोष अन्नात नव्हता, आजाराला मुख्य कारण दुसरंच होतं, असं सहीनिशी जबाबांतून दिसलं, तर लालचं पिवळं होतं. आजवर आपल्या जिल्ह्यात कुणी केलेलं नाही."

"कुणी विचारलं नसेल," मी म्हणाले.

*

अयोध्याबाई कढई घासत होती. तिच्या हाताखाली चौदा बायका. बारा वर्षांपूर्वी बचत गटातून चूल मांडली, आता आसपासच्या नऊ गावांचं लग्न-बारसं तिच्याकडे. कढई आधीच लख्ख होती, तरी ती घासतच होती.

"संजू, खरं सांग. लाल होणार?"

"आधी तू खरं सांग. आंबे कधी आले?"

"शनवारी दुपारी. टेम्पोतून. हात लावला तर चटका बसावा इतके तापलेले. अढीतली ऊब, वर ऊन. मग काय करणार, रातभर पाण्यात घातले. आंबा उष्ण असतो, पाण्यात टाकल्याबिगर खायचा नाही, हे काय नवं सांगायला पाहिजे का? आणि नुसतं पाणी नाही हां, टाकीचं थंडगार! माझ्या जावयांची पोटं बिघडू नयेत म्हणून!"

टाकीचं झाकण मी उचललं. खाली पालींचा संसार होता, लेकरंबाळं धरून. पालीच्या विष्ठेत हे जंतू असतातच.

गरम आंबा गार पाण्यात टाकला की त्याच्या आतली हवा आकसते. आकसली की ओढ लागते, आणि देठाच्या बारीक छिद्रातून तो पाणी आत घेतो. थेंब, दोन थेंब, पण घेतो. पाण्यात असेल तेही घेतो. मग वरून कितीही धुवा, पुसा, जंतू गराच्या आत बसलेला. आणि रस काही कुणी उकळत नाही. आपण ज्याला उष्णता काढणं म्हणतो, त्यात भलतंच काही भरणं होऊ शकतं, हे मी अयोध्येला सांगितलं. तिनं घासणी खाली ठेवली.

"म्हणजे माझीच चूक."

"चूक तुझी आहे. झाकण तुझं, पाणी तुझं. पण तुझ्या चुकीनं चारशे बारा माणसांच्या पोटात जंतू गेले आणि तीनशे सत्याहत्तर ठणठणीत आहेत. बाकीच्या पस्तिसांचं गणित मला तुझ्यात सापडत नाही."

"जावयांचंच का पण?" ती म्हणाली. "मी तर एकाच पळीनं वाढलंय ग. खंडोबाची आण."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ईश्वरी, माझी लेक. लग्नाला आठ महिने झालेले. अठ्ठाविसांतला एक तिचा नवरा.

"आई, ऋतुराजचा ताप एकशे तीन आहे. डॉक्टर म्हणायलेत मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल. त्याची आई समोर बसून माझ्याकडं बघायलीय, मीच विष घातल्यासारखी. त्या अयोध्यामावशीला सोडू नकोस. मैत्रीण म्हणून पोटात घालशील तर माझ्याशी बोलू नकोस. लालच झालं पाहिजे."

फोनचा आवाज मोठा होता. अयोध्येनं सगळं ऐकलं आणि पुन्हा कढई घ्यायला वाकली.

*

साथीत सगळे आजाऱ्यांना विचारतात. माझ्या पहिल्या साहेबांनी मला एकच गोष्ट शिकवली होती: आजारी न पडलेल्यांना विचारा. चोर पकडायचा तर ज्यांच्या घरी चोरी झाली नाही, त्यांनी दाराला काय लावलं होतं ते बघा.

ठणठणीत जावई होते सोळा. गुरुवारी सकाळी सहापासून मी त्यांच्या मागे लागले. काही आपापल्या गावी परतले होते, त्यांना फोन. बासष्ट पदार्थांची यादी माझ्याकडे असते. कुरडई खाल्ली? खाल्ली. तूप? घेतलं. बर्फ? नाही. विडा? दोन. कोंबड्या पाळता? पाल घरात दिसते? महिन्याभरात प्रवास? कुठल्या आजारासाठी औषधं चालू आहेत? नाही, नाही, नाही. आजारी जावयांचीही तीच उत्तरं. एक जावई तर म्हणाला, "मामी, मी आजारी पडलो नाही याबद्दल काही कारवाई होणार आहे का?"

साडेनऊला मी केशवराव गित्त्यांकडे पोचले. वय एकाहत्तर, गावातले सगळ्यांत जुने जावई. सासूबाई नव्वदीच्या, अजून खुटखुटीत. केशवराव सासुरवाडीच्या ओसरीवर आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"किती वाट्या?"

"अकरा."

मी पेन थांबवलं. "अकरा?"

"तुम्ही निम्मं-दुप्पट करता म्हणे. लिहा. पण अकराच होत्या."

"काही झालं नाही तुम्हाला?"

"मला काय होतंय! मी या घरातलं वाढलेलं खातो, दिलेलं घेत नाही. लग्नात घड्याळ कबूल केलं होतं, पट्टाच दिला नुसता. घड्याळ मागनं देतो म्हणाले. अट्ठेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून नियम आहे, यांनी हातात ठेवलेली वस्तू घ्यायची नाही. शनवारी म्हातारीनं तेहतीस अनारशांचा डबा दिला, नातवाला देऊन टाकला. डब्यात वर गोळी होती, ती कोंबड्यांकडे फेकली."

"कसली गोळी?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "पित्ताची, ग बाई! ती नवी, तीन दिवसांची! सगळ्यांनीच दिली की आपापल्या जावयाला! रस पोटभर पिता यावा, छातीत जळजळ नको म्हणून! ह्याला मेल्याला किंमत आहे का कशाची?"

मी ओसरीच्या पायरीवर बसले. फॉर्मांचा गठ्ठा उघडला.

कारण आता यादीतल्या त्या सात गावकऱ्यांची नावं माझ्या डोळ्यांपुढे एकेक करून उजळायला लागली. शिंपीकाका: पित्ताचा त्रास, रोजची गोळी. शाळेतल्या बाई: रोजची गोळी. पोस्टमन, त्यांची बहीण, आणखी दोघं, सगळ्यांची तीच. आजारासाठी चालू औषधाच्या रकान्यात त्यांनी सांगितलेलं मी माझ्या हातानं लिहिलं होतं आणि पुढे गेले होते. जावयांनी 'औषध नाही' सांगितलं तेही खरंच. ते आजारी कुठं होते? सासूनं दिलेली गोळी हे काही औषध नव्हे, आणि तो बासष्ट पदार्थांतला पदार्थही नव्हे. तो मानपान होता. मानपानाचा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता!

सातवी बाई राहिली. तिनं आठवड्यापूर्वी दाताच्या दुखण्यासाठी प्रतिजैविकांचा कोर्स संपवला होता. पोटातले राखणदार जंतू त्या औषधानं मेलेले, घर मोकळं. तिचाही हिशोब लागला.

"ताई," केशवराव पेपरावरून बघत म्हणाले, "चेहरा असा काय झाला? घड्याळाचं मनाला लावून घेऊ नका."

"केशवराव," मी म्हणाले, "त्या नसलेल्या घड्याळानं तुमचं पोट वाचवलं."

*

जठर ही पोटाची वेस. तिथलं आम्ल लिंबाच्या रसाहून जहाल. अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू तिथंच जळून जातात. आम्ल शाबूत असेल तर आजारी पाडायला लाखभर साल्मोनेला लागावेत. आम्लच बंद केलं तर काही शेकडेही पुरतात, वेस उघडी आणि राखणदार झोपलेला. जुन्या गोळ्या आम्ल कमी करत. ही नवी एकदा घेतली की तीन दिवस जवळपास बंदच करते. ज्याला गरज आहे त्याला वरदान. रस प्यायला निघालेल्या जावयाला?

डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

"ताई, उरलेल्या रसाचा नमुना शीतपेटीत आहे. थांबा. जंतू *कोणता* ते आपण पाहिलं, *किती* ते पाहिलंच नाही!"

वीस मिनिटांनी त्यांचाच फोन. आवाज असा, जणू परीक्षेत पहिल्या आल्यात. "वाटीत तीनशे! फक्त तीनशे! धडधाकट पोटाला काहीच नाही! ताई, तुमचं बरोबर आहे! चला, जबाब गोळा करा!"

मी हसले, पेन काढलं, आणि मग मला माझं स्वतःचं स्वयंपाकघर आठवलं. शनिवारी संध्याकाळ. ऋतुराज नुकताच लातूरहून आलेला. मी ओवाळलं, अनारशांच्या डब्याचं झाकण लावता लावता पाकीट फाडलं आणि एक गोळी वर ठेवली. "रात्री घ्या हां बापू, उद्या लाजायचं नाही." त्यानं माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली. शहाणा मुलगा. चोवीस वर्षं आरोग्य खात्यात काढलेल्या बाईनं दिलेली गोळी तो कशाला नाकारेल?

*

दहा ते एक मी दारोदार फिरले आणि गाव माझ्यापुढे पळत होतं. केशवरावांच्या सासूबाईंचा आवाज चार घरं पलीकडे गेलाच होता.

"गोळी? नाही बाई, आमच्यात नाही."

"कुणी सांगितलं? आमच्या जाऊबाईंनी ना? तिनंच दिली असंल."

"दिली असती तर सांगितलं नसतं का ताई? आमच्या पोरीचा संसार आहे. 'सासूनं गोळी दिली नि जावई दवाखान्यात' असं सरकारी कागदावर आलं तर?"

जावयांना विचारावं तर फोन लेकींच्या हातात. "हे झोपलेत." "यांना काही आठवत नाही म्हणायलेत." मागून पुरुषाचा आवाज येई, "अगं, मला आठवतंय की," आणि फोन बंद.

औषधवाल्यानं सांगितलं, आठवड्यात एकोणचाळीस पाकिटं गेली. डॉक्टर म्हणाल्या, "विकली म्हणजे गिळली नव्हे. कलम सही मागतं."

एकला माझ्याकडे नऊ सह्या होत्या. त्या नऊजणींचा अयोध्येवर जीव होता म्हणून. नऊ सह्यांत लाल ढळत नाही.

डॉक्टर नौशीननी माझा कागद बघितला. "ताई, तुमच्या जावयांची ओळ रिकामी आहे."

"हो."

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. मोठ्या हुशार आहेत. मी मनात मोजलं. एका ओळीनं नऊचे दहा होतील, त्यानं काय फरक पडतो? ईश्वरीची सासू, ईश्वरीचा राग, माझी नोकरी, 'आरोग्यवाल्या बाईनंच घातलं' ही पुढच्या वीस वर्षांची टवाळी, एवढं सगळं एका ओळीसाठी? लोकांच्या खोटेपणाला निम्मं-दुप्पट करून खरं काढणारी मी. माझ्याच ओळीला कितीनं गुणायचं होतं?

*

चारला पंचायतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सुनावणी कायद्यानं थेट प्रसारित होते. म्हणजे अंबाजोगाईच्या दवाखान्यातही अठ्ठावीस खाटांवर आम्ही दिसत होतो. भिंतीवर मोठा फलक, त्यावर अयोध्येच्या स्वयंपाकघराचं नाव, आणि मागे लाल रंग हळूहळू गडद होणारा. अर्ध्या तासात पक्का होणार. अयोध्या पहिल्या रांगेत, तिच्या मागे चौदा बायका, सगळ्या मांडीवर हात ठेवून.

जिल्ह्याहून आलेले सुनावणी अधिकारी म्हणाले, "जंतूची जुळणी निर्विवाद. विचारणीच्या बाजूनं काही?"

"आहे," मी उठले. "मला एक प्रश्न विचारायचाय, आणि उत्तर आधी मीच देणार आहे. शनिवारी संध्याकाळी जावयाला पित्ताची गोळी कुणी दिली? पहिली सही माझी. संजीवनी लोमटे, जावई ऋतुराज, रात्री साडेआठला, माझ्या हातानं."

सभागृहात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढ्याच. मागून एक पुरुषी आवाज, "आरोग्यवाल्या बाई, तुम्ही पण?"

"मी पण. मला तर कळायला पाहिजे होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मला पगार होता त्याचा." मी लोकांकडे वळले. "आपण कुणी विष घातलं नाही. आपल्याला आपला जावई शेजारच्याच्या पुढं जायला हवा होता, एवढंच. अयोध्येचं पाणी चुकलं, तिनं कबूल केलंय. त्या चुकीला आपण दार उघडून दिलं. आता कुलूप एकटीच्याच घराला लावायचं का, ते तुम्ही ठरवा. आणि अधिक महिना अजून अकरा दिवस आहे. आजही प्रत्येक गावात डबे भरले जातायत."

मी सही केली. फलकावर नऊचे दहा झाले.

लाल रंग आणखी एक छटा चढला. मग केशवरावांच्या नव्वदीच्या सासूबाई काठी टेकत उठल्या. "मी दिली. त्यानं खाल्ली नाही ते त्याचं नशीब. पण दिली मी. लिहा."

"आजी, त्यांनी घेतली नाही, तर ते 'न घेतलेल्या'त जातात."

"कुठं पण जाऊ दे, लिहा तर!"

सगळं सभागृह फिस्सकन हसलं, आणि त्या हसण्यातच गिरणीतली सासू उठली. "मी पण दिली हो. दोन दिल्या. आमचे जावई आडदांड आहेत." मग आप्पांची बायको उठली. आप्पा तिच्याकडे बघतच राहिले, "तू पण?" ती म्हणाली, "तुम्हालाच देणार होते, तुम्ही गोळ्या गिळत नाही म्हणून वाचलात." अकरा, चौदा, एकोणीस. रांग लागली. दवाखान्यातून फोन यायला लागले, आता लेकी स्वतः नवऱ्याच्या तोंडाजवळ फोन धरत होत्या. सव्वीस, एकतीस, छत्तीस! डॉ. नौशीन टाचा उंचावून फलकाकडे बघत होत्या, कारण आता यंत्र स्वतःच बेरजा मांडायला लागलं होतं. रोजची गोळी घेणारे नऊ गावकरीही त्यानं धरले.

गोळी घेतलेले पंचेचाळीस, त्यांतले आजारी चौतीस.
गोळी न घेतलेले तीनशे सदुसष्ट, त्यांतला आजारी एक.

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "माझ्या नोकरीत असा तक्ता पाहिला नाही," ते म्हणाले. फलकावरचा लाल रंग थरथरला आणि हळदीसारखा पिवळा झाला.

अयोध्या उठून फक्त एवढंच म्हणाली, "टाकी आजच फोडते." चौदा बायकांतली एक रडायला लागली, दुसरीनं तिला चिमटा काढला. डॉ. नौशीन तोवर बाहेर धावल्या होत्या. त्यांनी साठ गावांच्या सरपंचांना एका वेळी फोन लावला होता, आणि मी त्यांना ओरडताना ऐकलं, "अनारसे द्या! तेहतीस द्या, सहासष्ट द्या! गोळी काढून घ्या!"

*

सहाला मी दवाखान्यात पोचले. दारापाशी पाय अडला. ईश्वरी खाटेशी उभी होती, हातांची घडी. तिची सासू खुर्चीत. दोघींनीही सुनावणी पाहिली होती, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

"काल मी तुला काय म्हणाले होते आठवतंय?" ईश्वरी म्हणाली. "सोडू नकोस म्हणाले होते."

"नाही सोडलं."

"मला आधी सांगायचं होतंस. जगाला सांगायच्या आधी मला."

तिचं म्हणणं जसंच्या तसं खरं होतं. दुप्पट करून नाही, निम्मं करून नाही. "हो," मी म्हणाले. "ते चुकलं."

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "मी पण दिलीय. लातूरला. माझ्या लेकीच्या नवऱ्याला. परवाच. त्यांच्याकडं उद्या रस आहे."

"मग बसलात काय!" ईश्वरी ओरडली. "फोन लावा, आई!" आणि विहीणबाई फोन घेऊन व्हरांड्यात पळाल्या. इतक्या घाईनं मी त्यांना लग्नाच्या मांडवातही पळताना पाहिलं नव्हतं.

ऋतुराज डोळे मिटून पडला होता. ओठ सुकलेले, पण ताप उतरला होता. डोळे न उघडताच तो बोलला.

"मामी, एक विचारू?"

"विचारा बापू."

"गोळी पंचेचाळीस जणांनी घेतली. आजारी पडलो चौतीस. मग ते अकरा का नाही पडले?"

सबंध सभागृहानं, अधिकाऱ्यांनी, माग यंत्रानं, मी स्वतः, आम्ही चौतिसावर टाळ्या वाजवल्या होत्या. अकराकडे कुणी बघितलंच नव्हतं. गोळी घेतलेली, रस प्यायलेला, वेस उघडी, आणि तरी ठणठणीत! त्यांनी काय खाल्लं होतं? रोज घरचं ताक? की रस उशिरा, थोडा थोडा प्यायला? की त्यांच्या आतड्यांतच कुणी वेगळा पाहुणा राहतो, जो साल्मोनेलाला बसायला जागा देत नाही?

पिशवीतून मी यादी काढली. ईश्वरीनं माझ्याकडे बघितलं, राग अजून होता, नाकाच्या शेंड्यावर लाल. मग तिनं सासूची रिकामी खुर्ची पायानं ओढली, बसली, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तू विचार. मी लिहिते," ती म्हणाली. "तू निम्मं-दुप्पट करतेस. पहिलं नाव सांग."